लातूरच्या छापखान्यात झोजोजीचा बर्फ

पाकीट उघडलं आणि आधी लूप लावला. चित्र नंतर. 35 वर्षं छापखान्यात गेलेल्या बाईचा हात आपसूक भिंगाकडेच जातो. ऑफसेटवर छापलेला कुठलाही कागद भिंगाखाली धरा, ठिपक्यांची रांगोळी दिसते. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, प्रत्येकाची रांग आपापल्या कोनात तिरकी. माझी धास्ती तीच होती. टपालखर्च आणि वरचा कर धरून 21,000 रुपये मोजले आणि हातात कॅलेंडरचं पान आलं तर काय करायचं? पण ठिपका सापडला नाही. लाल रंग सलग लाल होता आणि त्या लालाच्या आतून कागदाचे धागे दिसत होते, नितळ पाण्याखाली वाळू दिसावी तसे. मग खुर्ची ओढली आणि चित्र बघायला बसले.

चित्र कावासे हासुई या जपानी चित्रकाराचं आहे, कोरलेल्या लाकडी फळ्यांच्या ठशांनी हातानं छापलेलं, दर रंगाला वेगळा ठसा. ‘शिबा झोजोजी’ हे त्याचं नाव. झोजोजी हे टोकियोतलं बौद्ध देऊळ. मूळ 1925 सालचं, ‘टोकियोची वीस दृश्यं’ या मालिकेतलं. ए-फोरपेक्षा थोडं मोठं, ए-थ्रीपेक्षा लहान. देवळाचं भलंमोठं लाल दार, पुढे बर्फानं लादलेलं पाइनचं झाड आणि वाऱ्याविरुद्ध छत्री धरून चाललेली एक बाई. एवढंच आहे त्यात. मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. आमच्याकडे आभाळातून पांढरं पडतं ते गारांचं, आणि गारा म्हटलं की 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झोपलेला गहू आणि हरभराच डोळ्यांपुढे येतो. तरी त्या बाईचे आखडलेले खांदे बघून थंडी कळते. चेहरा जवळजवळ दिसतच नाही, तरी कळते.

माझी लेक पुण्याला असते, तिनं तिच्या कार्डावरून मागवून दिलं. टोकियोत जिम्बोचो म्हणून जुन्या पुस्तकांचा भाग आहे, तिथल्या एका दुकानातून. “आई, नक्की ना? इतक्यात तुझा नवा प्रिंटर येईल,” असं ती दोनदा म्हणाली. प्रिंटर आमच्याकडे तीन आहेत, चौथ्यानं मला काय मिळणार होतं? आमचा छापखाना गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. लग्नपत्रिका, अडत दुकानांच्या पावत्या, शाळांची प्रगतिपुस्तकं, आता फ्लेक्स. मी 1990 साली सून म्हणून आले तेव्हा दोन ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायची छपाईयंत्रं, होत्या आणि भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणांच्या केसी. सासऱ्यांना सगळे आण्णा म्हणायचे, मीही आण्णाच म्हणायचे. त्यांनी मला खिळे जुळवायची स्टिक हातात धरायला शिकवलं, उलटी अक्षरं वाचायला शिकवलं. त्यामुळे चित्रकलेतलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. छपाईतलं कळतं, आणि हे परीक्षण छपाईचंच आहे.

आधी दुकानाचं सांगते. बांधणी उत्तम होती. दोन जाड पुठ्ठे, मध्ये गुळगुळीत पातळ कागद, चित्र कोपऱ्यांवर कागदी खोबणीत अडकवलेलं, कुठेही डिंक किंवा टेप नाही. टोकियोहून लातूरला अकरा दिवसांत आलं आणि कोपरासुद्धा दुमडला नव्हता. तक्रार आहे ती वर्णनाबद्दल. ‘प्रकाशक वातानाबे, मूळ 1925’ हे ठळक अक्षरात, आणि ही प्रत चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुन्हा छापलेली आहे हे सगळ्यात खाली, बारीक. लेकीनं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच आणि स्वच्छ सांगितलं, पण हे न विचारता पहिल्या ओळीत हवं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या प्रतीला लाखांत पैसे पडतात, म्हणजे फरक काही थोडा नाही. मागच्या बाजूला वरच्या कडेला जुन्या चिकटपट्टीचे दोन पिवळट डाग आहेत, तेही फोटोत नव्हते. अशी चित्रं मागवणार असाल तर मागच्या बाजूचा फोटो आणि समासातल्या शिक्क्याचा जवळून फोटो मागा. प्रकाशकाचा शिक्का काळानुसार बदलत गेला आणि जाणकार त्यावरूनच प्रत कधीची ते ठरवतात.

मागची बाजू मी मुद्दाम वेगळी सांगणार आहे, कारण माझे अर्धे पैसे तिनंच वसूल केले. आपल्याकडे छापील कागद उलटा केला तर पाठ कोरी असते. शाई तेलाची, ती वर बसते. इथे पाठीलाही चित्र आहे, फिकट, उलटं. रंग पाण्यात कालवलेला, त्यात भाताची खळ, आणि कागद ओलसर करून घेतलेला, म्हणून रंग धाग्यांच्या आत जातो. पाठीवर बोट फिरवलं की हलक्या गोल गोल खुणा लागतात. बारेन नावाच्या हातात मावणाऱ्या चकतीच्या त्या खुणा. बांबूच्या सालीची दोरी वळून तिची चकती करतात, वर पुन्हा बांबूचं साल घट्ट ताणून बांधतात, आणि ठशावर ठेवलेला कागद पाठीमागून त्या चकतीनं घासतात. यंत्र नाही, दाब देणारी प्लेट नाही. माणसाचा खांदा, कोपर आणि तळहात, बस.

आमचे मशीनमन चाचा ट्रेडलच्या काळापासून आमच्याकडे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “भाभी, इसमें रोलर नै चला, हात चला है।” मग लूप मागितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ते बघत होते बर्फाचे कण. पांढरा रंग या चित्रात वरून मारलेला दिसत नाही, पांढरा आहे तो कागद. म्हणजे दारावरून जाणारा कण हवा असेल तर लाल रंगाच्या ठशात तेवढी जागा कोरून खाली घ्यावी लागणार. तोच कण सावलीच्या ठशातही, गडद ठशातही, बरोबर त्याच जागी. एका ठशात केसभर सरकला की कणाला रंगीत कड येणार. असे शेकडो कण आहेत आणि मी भिंग घेऊन दोन संध्याकाळी शोधलं, कड आलेले मला सातच सापडले. चार रंगी पत्रिकेत आमचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग जुळवणं, हललं की नवरदेवाच्या फेट्याला दुहेरी कड येते आणि गिऱ्हाईक परत येतं. चारच रंग, मशीनवर, आणि कागद कोरडा. इथे कागद ओला. ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो, दर रंगागणिक त्याची लांबी बदलू पाहते.

ते जुळवतात कसं, हे वाचून मला आण्णांची आठवण आली. ट्रेडलवर कागद बसवायला आपण पिना लावतो, दोन खाली, एक बाजूला. जपानी कारागीर त्या पिनांची जागा ठशातच कोरतो. एका कोपऱ्यात काटकोनाची खाच, थोड्या अंतरावर सरळ खाच. केंतो म्हणतात तिला. प्रत्येक रंगाच्या फळीवर या दोन खाचा तंतोतंत एकाच जागी. कागदाचा कोपरा काटकोनात टेकवायचा, कड सरळ खाचेला लावायची, सोडून द्यायचं. फळी पहाडी चेरीच्या लाकडाची असते, कठीण आणि दाट, म्हणून शेकडो प्रती काढल्या तरी खाच झिजत नाही. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीची ही युक्ती अजून चालते. आण्णा असते तर केंतो बघायला टोकियोला गेले असते, पासपोर्ट नसताना.

हासुईंच्या एका चित्राचा हिशोब तर नोंदवूनच ठेवलेला आहे. जपानच्या सरकारी समितीनं ही कला नोंदवून ठेवायचं ठरवलं आणि त्यांना चित्र करायला सांगितलं. त्यांनी पुन्हा झोजोजीच निवडलं, पुन्हा बर्फच. ‘झोजोजीचा बर्फ’ हे ते 1953 चं चित्र, आणि त्याची एक प्रत पुरी व्हायला कागद 42 वेळा छापावा लागला. त्याच काळातले दुसरे चित्रकार योशिदा हिरोशी यांच्या निक्को इथल्या योमेई दाराच्या चित्राला तर 96 वेळा. आमच्याकडे पाचवा रंग, म्हणजे सोनेरी, म्हटलं तरी भाव वाढवून मागतो.

हे सगळं काम चौघांचं. चित्रकार काढतो, कोरणारा कोरतो, छापणारा छापतो, आणि प्रकाशक पैसे घालून सगळ्यांना एका माळेत ओवतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फोटो आणि छापाची यंत्रं आल्यावर जपानमध्ये ही साखळी मोडत आली होती. वातानाबे शोझाबुरो या तरुण प्रकाशकानं ती पुन्हा जोडली. नव्या चित्रांना ‘शिन-हांगा’ म्हणजे नवं ठसाचित्र म्हणायला लागले. मजेची गोष्ट अशी की वातानाबेंनी 1915 मध्ये सुरुवात केली ती फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराला घेऊन, आणि पुढच्या वर्षी चार्ल्स बार्टलेट या इंग्रजाची चित्रं काढली, त्यात ताजमहाल आणि बनारसही होतं. म्हणजे ही चित्रं बाहेरच्यांना आवडली हा पुढचा अपघात नव्हे, बाहेरचा डोळा सुरुवातीपासून कामात होता. आणि गिऱ्हाईकही तिकडचंच जास्त होतं.

मग 1 सप्टेंबर 1923 चा भूकंप आला. टोकियो आणि योकोहामा जळालं. वातानाबेंचं दुकान, कोरलेल्या फळ्या, छापलेल्या प्रती, सगळं गेलं. हासुईंचं घर जळालं आणि 188 स्केचबुकं जळाली. अजिंठ्यात बसून जपानी चित्रकारांच्या एका गटानं भित्तिचित्रांच्या हुबेहूब नकला केल्या होत्या, त्याही टोकियोत ठेवलेल्या होत्या आणि त्याच आगीत गेल्या. आपल्या अजिंठ्याचा एक तुकडा त्या दिवशी तिकडे जळाला, हे मला फार उशिरा कळलं.

188 हा आकडा मी वाचला तेव्हा पान मिटून ठेवलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गणपती बुडवून आम्ही नुकतेच झोपलो होतो. लातुरात किल्लारीसारखं काही झालं नाही, आमची माणसं वाचली. छापखान्यात गेलो तर केसी भिंतीवरून खाली आलेल्या. बारा पॉइंट, सोळा पॉइंट, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, सगळ्याचा एक ढीग, त्यावर माती. आण्णा त्या ढिगापाशी बसले आणि एक एक खिळा उचलून त्याच्या घरात टाकायला लागले. तिकडे औशाच्या पुढे माणसं मातीखाली होती आणि आम्ही खिळे वेचत होतो, याची आण्णांना लाज वाटायची. म्हणून दिवसा ते मदतीच्या ट्रकवर जायचे आणि रात्री खिळे वेचायचे. त्या महिन्यात छापलेलं पहिलं काम म्हणजे बेपत्ता नातेवाइकांची पत्रकं. पैसे घेतले नाहीत.

वातानाबेंनीही तसंच केलं म्हणायचं. हासुईंना धीर देऊन प्रवासाला पाठवलं, आणि ते शंभराहून जास्त दिवस फिरत राहिले, नव्या वह्या भरत राहिले. परत आल्यावर दोन वर्षांत झोजोजीचं चित्र आलं. म्हणजे चित्रातलं ते लाल दार भूकंपातून उभं राहिलेलं दार आहे. 1622 सालचं ते दार, पुढे युद्धातल्या बाँबहल्ल्यातूनही वाचलं आणि आजही उभं आहे. त्याच्या नावाचा अर्थ तीन गोष्टींतून सुटका देणारं दार: लोभ, द्वेष आणि मोह. बुद्धवंदना कानावर पडलेल्या कुणालाही हे तीन शब्द परके नाहीत. हे कळल्यावर छत्रीतली बाई मला वेगळी दिसायला लागली. ती आणि चित्र विकत घेणारे पहिले लोक, दोघांच्याही अंगावर तो भूकंप ताजा होता.

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. चित्राच्या आत हासुईंची सही आणि शिक्का आहे. समासात प्रकाशक वातानाबेंचा शिक्का आहे. कोरलं कुणी, छापलं कुणी, ते कुठेच नाही. मी चित्र चारी बाजूंनी पाहिलं, पाठ पाहिली, उजेडाला धरलं. नाही.

आपल्याकडे छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव टाकणं हा इंग्रजांच्या 1867 च्या कायद्याचा नियम होता, तो कायदा 2024 मध्ये रद्द होईपर्यंत. सरकारला छापणारा पकडता यावा म्हणून केलेला तो नियम. निवडणुकीच्या पत्रकावर आजही मुद्रकाचं नाव-पत्ता नसला तर गुन्हा होतो. पण आण्णा ती ओळ पकडले जाण्यासाठी टाकायचे असं कधी वाटलं नाही. सहा पॉइंटात, पत्रिकेच्या अगदी तळाला, मंगलाष्टकांच्या खाली, ते ती ओळ स्वतः जुळवायचे, दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. गावोगावच्या देवघरांत, कपाटांत अजून त्या पत्रिका आहेत आणि प्रत्येकीवर तळाला आमचं नाव आहे. म्हणून ज्यानं शेकडो कण बरोबर बसवले त्या माणसाचं नाव नाही, हे मला सहन होईना.

शोधलं तर दुसऱ्यांनाही ते तेव्हाच खटकलं होतं असं दिसतं. दोई हांगातेन म्हणून दुसरा प्रकाशक होता, त्याच्याकडे हासुईंनीही चित्रं केली. त्याच्या चित्रांत समासात कोरणाऱ्याचा आणि छापणाऱ्याचा वेगवेगळा शिक्का असतो. योशिदा हिरोशींनी तर 1925 मध्ये प्रकाशकालाच बाजूला सारून स्वतःची कार्यशाळा काढली. कोरणारे, छापणारे नोकरीला ठेवले, स्वतः कोरायला शिकले, आणि प्रत्येक प्रत आपल्या डोळ्यांखाली छापून घेतली. अशा प्रतीच्या समासात ‘जिझुरी’ असा शिक्का मारला, म्हणजे स्वतः छापलेलं.

आणि एक तिसरी जात आहे, ती सगळं एकट्यानं करणाऱ्यांची. काढणं, कोरणं, छापणं, तिन्ही एकाच हातानं. 1904 मध्ये यामामोतो कानाए यांनी एका कोळ्याचं चित्र असं केलं आणि तिथून ‘सोसाकु-हांगा’ सुरू झालं. माझा कल चौघांच्या कामाकडे आहे, छापखान्यात वाढलेल्या माणसाचा दुसरा कसा असणार? पण मुनाकाता शिको यांची बुद्धाच्या दहा शिष्यांची चित्रं पडद्यावर पाहिली आणि मी जरा गप्प झाले. 1939 चं काम. आओमोरीच्या लोहाराचा मुलगा, नजर इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा. त्याच्या छपाईत सफाई शोधू नये, घणाचे घाव शोधावेत. 1955 मध्ये साओ पाउलोला आणि 1956 मध्ये व्हेनिसला त्याला मुद्राचित्रांचा मोठा सन्मान मिळाला.

शिन-हांगा मात्र बक्षिसांच्या वाटेनं जगभर गेलं नाही. ते घराघरांतून गेलं. 1930 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडोच्या संग्रहालयात दहा चित्रकारांच्या 342 चित्रांचं प्रदर्शन झालं, त्याच्या जमवाजमवीत योशिदा स्वतः होते. 1936 मध्ये दुसरं झालं. रॉबर्ट मुलर या अमेरिकन माणसानं आयुष्यभर ही चित्रं जमवली, चार हजारांहून जास्त, आणि त्याच्या मागे ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे गेली. ॲपलवाले स्टीव्ह जॉब्झ हासुईंची चित्रं घ्यायचे. इंग्लंडच्या राजकन्या डायना यांच्या खोलीत योशिदांची चित्रं भिंतीला होती. हे नावं सांगून चित्राची किंमत वाढवायची नाही मला. सांगायचं एवढंच की ही सगळी माणसं पैशानं कुठलंही तैलचित्र घेऊ शकत होती, आणि त्यांनी कागदावरचा ठसा घेतला.

योशिदांचं नाव निघालं म्हणून आपल्या दाराशी येते. 1930-31 मध्ये ते थोरल्या मुलाला, तोशीला, घेऊन भारतात आले होते. परत गेल्यावर ताजमहाल, बनारस, उदयपूर, अमृतसर, कांचनजंगा अशी चित्रं केली, आणि त्यांत वेरूळ आणि अजिंठाही आहे. मराठवाड्यातली लेणी जपानी लाकडी ठशात! आपल्या पाठ्यपुस्तकात हे कधी आलं नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, दगडात कोरलेल्या छताच्या फासळ्या हुबेहूब लाकडाच्या वाटतात म्हणून. लाकूड कोरणाऱ्या माणसानं तिथे उभं राहून वर बघितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, हा विचार मला चित्र घेतल्यापासून सोडत नाही.

उन्हाळ्यात मी आणि चाचांनी हात करून पाहिला. जाहीर सभांच्या पोस्टरचे जुने लाकडी टाइप माळ्यावर होते. त्यातला ‘स’ काढला, पोस्टर रंगात भाताची खळ कालवली, कागद ओल्या फडक्यात ठेवला, बारेनऐवजी नारळाच्या शेंड्या फडक्यात बांधून घासलं. एप्रिलचा लातूरचा वारा, कागद फडक्यातून काढून ठशावर जाईपर्यंत वाळलेला. खळ जास्त झाली की अक्षराच्या कडेला लोंबते, कमी झाली की रंग ठिपक्या-ठिपक्यांनी उतरतो. सव्विसाव्या कागदावर एक ‘स’ सलग उठला. तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. चित्रातलं वरचं आभाळ गडदातून फिकं होत जातं ना, तो उतार ओल्या फळीवरच ब्रशानं रंग पुसत पुसत दर प्रतीला नव्यानं करायचा असतो. बोकाशी म्हणतात. एका ‘स’साठी सव्वीस कागद घालवल्यावर त्या उताराकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

आणि म्हणूनच या प्रतीतला दोष तिथेच दिसतो. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जुन्या प्रती दिसतात, त्यांच्यात आभाळाला खोली आहे, राखाडीतही निळं आहे. माझ्या प्रतीत आभाळ जरा सपाट आहे. लाल जास्त एकसारखा आहे, जुन्या प्रतीत तो जागोजागी दमलेला वाटतो आणि तेच बरं वाटतं. खोडाच्या रेषा मात्र सुरेख, कुठेही तुटलेल्या नाहीत. या पैशात मी समाधानी आहे. पाचांपैकी चार देईन. कापलेला एक पूर्ण त्या बारीक अक्षरातल्या ओळीसाठी.

चौकटीचं सांगून ठेवते, कारण घोटाळा तिथेच होतो. आमच्याकडच्या चौकटवाल्यानं चित्र प्लायवर चिकटवून वर लॅमिनेशन देतो म्हणून सांगितलं, फुकट. मी चित्र उचलून घरी आणलं. आम्लरहित पुठ्ठा लेकीनं पुण्याहून पाठवला. चित्राला वरून फक्त दोन पातळ कागदाच्या बिजागऱ्या, भाताच्याच खळीनं लावलेल्या, बाकी चित्र मोकळं. काच आणि चित्रात पुठ्ठ्याएवढं अंतर. पश्चिमेचं ऊन येतं ती भिंत सोडून आतल्या भिंतीवर, जिथे आधी आण्णांचा फोटो होता. फोटो शेजारी सरकवला.

लेकीनं दुकानाला पुन्हा लिहिलं होतं, ही प्रत छापणाऱ्याचं नाव कळेल का म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं, फार नम्र. या प्रतीच्या छापणाऱ्याची नोंद आमच्याकडे नाही, माफ करा. सोबत त्यांनी दोई हांगातेनच्या दोन चित्रांचे फोटो पाठवले, समास मोठा करून. डाव्या समासात दोन लहान चौकोनी शिक्के, एक कोरणाऱ्याचा, एक छापणाऱ्याचा. चाचांनी फोनवर ते दोन बोटांनी ताणून मोठे केले आणि विचारलं, यातलं मशीनमनचं कुठलं. मी दाखवलं. दोनपैकी जे स्वस्त आहे ते दिवाळीच्या कॅलेंडरांचे पैसे आले की मागवणार आहे.